देवरियातालच्या चार वाऱ्या

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठ्या विद्वानांनी आपणास मार्गदर्शन केले आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन सारी हयात माण तालुक्यातील प्राथमिक शाळांत मुलांना पाढे आणि भूगोल शिकविण्यात गेली. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण माझ्याकडून करणार नाही, अशी आशा आहे. चिटणिसांनी मला आज्ञा केली की, “गुरुजी, तुम्ही हिमालयातील एका तळ्यावर पुनःपुन्हा जाता, त्याविषयी दोन शब्द सांगा.” त्या आज्ञेप्रमाणे मी उभा आहे. मात्र आरंभीच एक गोष्ट कबूल करतो. तळ्याची हकिगत सांगताना घरची एक हकिगतही सांगावी लागणार आहे, आणि ती मला भूषणावह नाही. ती गाळून तळ्याचे तेवढे वर्णन केले असते, तर आपला वेळ सुखात गेला असता. परंतु मग माझे व्याख्यान अर्धसत्य झाले असते.

या तळ्याचे नाव देवरियाताल. उत्तराखंडाच्या गढवाल भागात, रुद्रप्रयाग जिल्ह्यात, ऊखीमठच्या वरच्या डोंगरावर ते आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून २,४३८ मीटर, म्हणजे सुमारे ८,००० फूट. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फूट आहे. यावरून कल्पना यावी. हिमालयात याहून कितीतरी उंच आणि विस्तीर्ण सरोवरे आहेत. देवरियाताल आकाराने लहानच. सावकाश चालले तरी थोड्या वेळात प्रदक्षिणा पुरी होते. भोवती गवताचे मोकळे मैदान, त्याच्या कडेने बांज आणि बुरांस यांचे दाट अरण्य, आणि उत्तरेस आकाश व्यापून राहिलेला चौखंबा पर्वत. चार खांबांसारखी चार शिखरे म्हणून चौखंबा. त्यातील मुख्य शिखर ७,१३८ मीटर उंच असून त्यावर मनुष्याचे पाऊल प्रथम पडले ते १९५२ साली. प्रातःकाळी हा संपूर्ण पर्वत त्या चिमुकल्या तळ्यात उलटा उतरलेला दिसतो.

तेथे जाण्यास हरिद्वारपर्यंत आगगाडी आहे. पुढे ऋषिकेश, देवप्रयाग, श्रीनगर असा मोटाररस्ता. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा यांचा संगम होतो आणि तेथून त्या प्रवाहास गंगा हे नाव मिळते. हे भूगोलाच्या तासाला मी पंचवीस वर्षे सांगत होतो, परंतु एक निळसर आणि एक गढूळ असे ते दोन प्रवाह काही अंतर जणू एकमेकांस न ओळखता वाहतात, हे पाहीपर्यंत ठाऊक नव्हते. रुद्रप्रयागला अलकनंदेचा हात सोडून मंदाकिनीच्या काठाने वर जावयाचे. हेच ते रुद्रप्रयाग, जेथील नरभक्षक बिबळ्यास जिम कॉर्बेट यांनी १९२६ साली मारले. पुढे अगस्त्यमुनी, कुंड आणि ऊखीमठ. ऊखीमठचे ओंकारेश्वर मंदिर म्हणजे केदारनाथाचे हिवाळी ठाणे. हिमवर्षावाने वरचे देऊळ बंद झाले की देवाची पूजा येथे चालते. ऊखीमठहून सारी नावाच्या खेड्यापर्यंत रस्ता आहे, आणि सारीपासून तळ्यापर्यंत अडीच-तीन किलोमीटरांची पायवाट. वाट दगडी फरसबंदीची. परंतु चढ असा की, प्रथमच जाणारास दोन तास सहज लागतात. वाटेत एक प्राचीन शिवालय आहे. तळ्यापासून पुढे दुसरी एक वाट अरण्यातून रोहिणी बुग्याळावरून चोपत्याकडे जाते. बुग्याळ म्हणजे उंचावरील कुरण. ही वाट सुमारे पंधरा-सोळा किलोमीटरांची, पुऱ्या दिवसाची, आणि तीवर पिण्याचे पाणी क्वचितच सापडते. चोपत्याहून आणखी वर तुंगनाथ. पंचकेदारांतील हे मंदिर ३,६८० मीटर उंचीवर आहे.

आता पहिली वारी. ती २००४ सालच्या दिवाळीच्या सुटीतील, म्हणजे शरद सरून हेमंत लागतानाची. बरोबर माझा धाकटा भाऊ होता. येथे सांगितले पाहिजे की, तो माझा सावत्र भाऊ. माझी आई मी पाच वर्षांचा असताना गेली. वडिलांनी दुसरे लग्न केले आणि धाकट्या आईने मला असे वाढविले की, ‘सावत्र’ हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. आम्हां दोघांत सहा वर्षांचे अंतर. तो शेती पाही, मी शाळा. प्रवासात माझे ओझेही त्यानेच उचलले. सारीतील लोक मला ‘भैजी’ आणि त्यास ‘भुला’ म्हणू लागले; गढवाली बोलीत भैजी म्हणजे थोरला भाऊ आणि भुला म्हणजे धाकटा. भावाला हा शब्द फार आवडला. घरी परतल्यावरही तो कित्येक दिवस मला थट्टेने ‘भैजी’ म्हणे.

त्या ऋतूत सारीच्या उतारावरील शेतांत रामदाण्याची, म्हणजे आपल्या राजगिऱ्याची, कापणी संपत आली होती. छपरांवर तांबडी कणसे वाळत घातलेली. नाचणीस तेथे मंडुवा म्हणतात. ज्या धान्यावर आपल्या डोंगराळ मुलखातील गरीब माणसे जगली, तेच धान्य हजार-दीड हजार किलोमीटर दूरच्या पर्वतात पाहून, परक्या मुलखात आलो आहोत असे वाटेना. आकाश असे निरभ्र की, वर पोहोचल्यावर चौखंब्याच्या अंगावरील प्रत्येक घडी मोजता यावी. रात्री तळ्याकाठी तंबूत राहिलो. तांदूळ शिजता शिजेनात, म्हणून भाऊ चुलीवर चिडू लागला. मी त्यास सांगितले की, चूल बिचारी निर्दोष आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या तीनचतुर्थांशच राहतो आणि पाणी सुमारे ९२ अंशांवरच उकळू लागते, म्हणून अन्न शिजण्यास वेळ लागतो. तो म्हणाला, “दादा, इथंही शाळा भरवलीस!”

पहाटे मी त्यास उठविले. तळ्यावर वाऱ्याची झुळूकही नव्हती. प्रथम चौखंब्याचे टोक गुलाबी झाले, मग सोनेरी, आणि मग पांढरेशुभ्र. आणि वर जे घडे तेच खाली पाण्यात घडे. सूर्य चढल्यावर तासाभरात प्रतिबिंब मोडले. याचे कारण असे की, उन्हाने डोंगरउतार तापला की त्यास लागून असलेली हवा हलकी होऊन वर सरकते, खोऱ्यातून वारा वाहू लागतो आणि पाण्यावर तरंग उठतात. म्हणून ज्यास प्रतिबिंब पाहावयाचे आहे, त्याने सूर्याआधी उठले पाहिजे. भाऊ त्या दिवशी फार बोलला नाही. उतरताना एवढेच म्हणाला, “परत येऊ, पण दोघंच.”

बंधुभगिनींनो, तसे घडले नाही. २००७ साली वडील गेले. २००९ साली वाटणी झाली. जमिनीवरून तंटा नव्हता. तंटा झाला विहिरीवरून. सातबाऱ्यावर विहिरीत आम्हां दोघांचा आठ-आठ आणे हिस्सा. परंतु मी माझ्या पगारातून ती खोल करविली होती, म्हणून पहिले पाणी माझे, असे मी म्हणू लागलो. २०१२ साली दुष्काळ पडला. माणची मंडळी येथे बसली आहेत. त्यांस त्या वर्षीच्या चारा छावण्या आणि टँकर आठवत असतील. त्याची डाळिंबाची बाग होती, माझा मळा होता. विहिरीत दोन तास मोटर चालेल एवढेच पाणी येई. त्याची पाळी मी बंद केली. बाग वाळली. मग पंच, मग वकील, मग दिवाणी दावा. धाकटी आई वर्षभर आधीच गेली होती. ती असती तर माझी छाती झाली नसती. बांधाला बांध लागून असून पुढे कित्येक वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

दुसरी वारी मे २०१६ मधील, सहकारी शिक्षकांबरोबर. ग्रीष्म हा आपल्याकडील लोकांच्या सुटीचा काळ, आणि चारधामच्या यात्रेचाही. रस्ता मोटारींनी भरलेला, धर्मशाळांत जागा नाही. त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत उत्तराखंडातील अरण्यांना मोठाले वणवे लागले होते. खालच्या उतारांवर चीड वृक्षांची वने आहेत. त्यांच्या सुयांसारख्या पानांना तेथे पिरूळ म्हणतात. उन्हाळ्यात त्यांचा जाड थर जमिनीवर साचतो, तो सुकून कोळ होतो आणि एका ठिणगीने पेट घेतो. वरच्या बांजाच्या वनात मात्र ओलावा टिकतो. बांजाची जमीन पाणी धरून ठेवते, म्हणून ज्या गावाच्या माथ्यावर बांज, त्या गावचे झरे वाहते, असे तेथील बाया सांगतात. आम्ही तळ्यावर पोहोचलो तेव्हा सभोवार धुराचा पडदा होता. पाणी काठापासून मागे हटलेले, चिखलात गुरांची पावले उमटलेली, आणि चौखंब्याचा मागमूसही नाही. सहकारी कष्टी झाले. मी त्यांस पूर्वीचे दर्शन वर्णन करून सांगू लागलो. परंतु ते सांगताना दर वाक्याला भावाचे नाव ओठांवर येई आणि मी ते गिळी. शेवटी गप्प बसलो.

वर्षाऋतूतील दर्शन मी घेतलेले नाही, आणि आपणही घेऊ नये असेच सांगेन. पावसाळ्यात बुग्याळांवर फुलांचे गालिचे पसरतात हे खरे. परंतु अरण्याच्या वाटेवर जळवा असतात, दरडी कोसळतात, रस्ते दिवसचे दिवस बंद राहतात. २०१३ सालच्या जून महिन्यातील १६ आणि १७ या तारखा त्या खोऱ्यातील कुणीही विसरलेले नाही. केदारनाथच्या वर चोराबाडी नावाचे एक सरोवर होते. १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग त्यात विसर्जित झाला, म्हणून त्यास गांधी सरोवरही म्हणत. हिमनदीने लोटून आणलेल्या दगडमातीचाच त्यास बांध होता. अतिवृष्टी झाली, बर्फ वितळले, पाणी मावेना, आणि १७ तारखेच्या सकाळी तो बांध फुटला. मंदाकिनीच्या काठची वस्ती वाहून गेली, हजारो माणसे मृत्युमुखी पडली. डोंगरावरील तळे हे केवळ आरसा नव्हे. पाणी अडविले की त्याचा भारही कुणावर तरी असतो, एवढे ध्यानात ठेवावे.

आता तिसऱ्या वारीकडे येतो. जून २०१८ मध्ये मी सेवानिवृत्त झालो. डिसेंबरात दाव्याचा निकाल माझ्या बाजूने लागला. विहिरीच्या पाण्यावर माझा अग्रहक्क न्यायासनाने मान्य केला. गावात पेढे वाटावेत असे मनात आले होते. परंतु घरातील कुणासही उत्साह दिसेना. मी जानेवारी २०१९ मध्ये एकटाच देवरियातालला निघालो. मनात विजयाची घमेंड होती, हे आज सांगण्यास संकोच वाटत नाही.

शिशिरातील सारी गाव निःशब्द असते. शेते पांढरी, झऱ्यांच्या कडांना काचेसारखे बर्फ. मी एक तरुण वाटाड्या बरोबर घेतला. तळ्यापर्यंत घोटाभर हिम होते. तेथवर सुखरूप पोहोचलो. तळ्याचा बराच भाग गोठला होता. गोठलेल्या थराखाली पाणी मात्र तसेच असते. इतर पदार्थ थंड होत जातात तसे आकुंचन पावतात. पाणी चार अंशांपर्यंतच आकुंचन पावते आणि पुढे थंड होताना पुन्हा प्रसरण पावते. म्हणून चार अंशांचे जड पाणी तळाशी राहते, हलके बर्फ वर तरंगते, आणि त्या पांघरुणाखाली पाण्यातील जीव वाचतात. सृष्टीने हा एक अपवाद केला नसता, तर थंड मुलखातील सरोवरे तळापासून गोठली असती.

तळे पाहून परतावयाचे, असे ठरले होते. परंतु समोर रोहिणी बुग्याळाची वाट दिसली आणि थोडे पुढे जाण्याचा मोह झाला. वाटाड्या म्हणाला, “गुरुजी, आगे नहीं. दोपहर के बाद मौसम का भरोसा नहीं.” मी त्यास म्हणालो, “पैसे मी दिले आहेत, कुठवर जायचे ते मी ठरवीन.” हे वाक्य मी विसरू शकत नाही, कारण विहिरीवर उभा राहून भावास मी जवळजवळ याच शब्दांत बोललो होतो. आम्ही पुढे गेलो. अरण्यात हिम गुडघ्यापर्यंत आले, एका घळीत मी कमरेपर्यंत रुतलो. दुपारनंतर ढग उतरले आणि हिमवर्षाव सुरू झाला. आमची पावले बुजली. माझा एक हातमोजा हिमात हरवला आणि बोटे लाकडासारखी झाली. त्या मुलाने एक शब्द न बोलता आपले हातमोजे काढून माझ्या हातांत घातले, माझी काठी धरली आणि मला अंधारात खाली आणले. सारीला पोहोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. त्याच्या दोन बोटांची टोके पांढरी पडली होती. पुढे कित्येक दिवस ती बधिर होती, असे त्याने फोनवर कळविले. दोष सर्वस्वी माझा होता.

त्या रात्री त्यांनी मला आपल्याच घरी ठेवून घेतले. त्याची आई चुलीपाशी मंडुव्याच्या भाकरी थापीत होती. मुलाचे हात कोमट पाण्यात धरवून ती मला म्हणाली, “तुम्ही गुरुजी आहात, या तळ्याची गोष्ट तुम्हांस ठाऊकच असेल.” मला ठाऊक होती. महाभारताच्या वनपर्वातील यक्षाचे सरोवर ते हेच, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. व्यासांनी ती कथा द्वैतवनात घातली आहे आणि अशीच श्रद्धा इतरही एक-दोन स्थळांविषयी आहे. तो वाद येथे नको. वनवासात तहानेने व्याकुळ झालेल्या पांडवांपैकी प्रथम नकुल पाणी आणावयास गेला. यक्षाने बजावले, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरे दे, मग पाणी पी. त्याने ऐकले नाही आणि पाणी पिताच तो पडला. त्याच्या मागून सहदेव, अर्जुन आणि भीम, सर्वांची तीच गत. शेवटी युधिष्ठिर आला. तहान त्यालाही होतीच. परंतु तो थांबला. त्याने सर्व प्रश्नांची उत्तरे दिली. प्रसन्न होऊन यक्ष म्हणाला, यांपैकी एकास उठवितो, नाव सांग. महापराक्रमी अर्जुन होता, महाबली भीम होता, पुढे युद्ध उभे होते. परंतु युधिष्ठिराने नकुलाचे नाव घेतले. कुंतीचा एक पुत्र मी जिवंत आहे. माद्रीचाही एक जिवंत असू दे, असे त्याचे कारण.

ही गोष्ट मी शाळेत किती वेळा सांगितली असेल, त्याची गणती नाही. मुलांकडून प्रश्नोत्तरे लिहून घेतली, गुणही दिले. परंतु त्या रात्री त्या माउलीने गोष्ट संपवून सहज विचारले, “गुरुजी, तुम्ही किती भाऊ?” आणि मी उत्तर दिले, “मी एकटाच.”

सभ्य स्त्री-पुरुषहो, ते उत्तर देताच मला उमगले की, मी काय बोललो. माद्रीचा एक पुत्र राहावा म्हणून ज्याने आपल्या सख्ख्या भावांची आशा सोडली, त्याची कथा आयुष्यभर शिकविणारा मी. आणि धाकट्या आईचा एकुलता एक मुलगा मी आपल्या तोंडाने नाहीसा केला होता. रात्रभर झोप लागली नाही. पहाटे निरभ्र झाले, चौखंबा दिसत होता; परंतु मी वर गेलो नाही. सामान बांधले आणि परतलो.

गावी आलो तो स्वतःच्या घरी न जाता भावाच्या दारात गेलो. तो ओसरीवर बसला होता. उठला नाही, ‘ये’ म्हणाला नाही. भावजयीने मात्र रीतीप्रमाणे पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला. घसा कोरडा पडला होता. मी म्हणालो, “आधी बोलतो, मग पाणी घेतो.” बोलणे लांब नव्हते. विहीर आठ आणे तुझी, पाळी पूर्वीप्रमाणे, बागेचे जे नुकसान झाले ते माझ्याकडून झाले, आणि निकालाचा कागद मी वापरणार नाही. तो बराच वेळ खाली पाहत राहिला. मग तांब्या उचलून माझ्या हातात देत म्हणाला, “पाणी पी, भैजी.” चौदा वर्षांपूर्वीचा तो शब्द त्याच्या ध्यानात होता.

चौथी वारी दोघांची. मधली दोन वर्षे महामारीत गेली. मार्च २०२२ मध्ये, वसंतात, आम्ही निघालो. वसंतातील तो डोंगर ज्याने पाहिला नाही, त्यास कसे सांगावे! बुरांसाचे वृक्ष लालभडक फुलांनी लगडलेले असतात. फुले झडून वाटेवर सडा पडतो. बुरांस हा उत्तराखंडाचा राज्यवृक्ष. त्याच्या पाकळ्यांचे सरबत घरोघरी करतात. चव किंचित आंबट. चैत्र संक्रांतीस तेथे फूलदेई नावाचा मुलांचा सण असतो. भल्या सकाळी लहान मुले-मुली परड्यांतून फुले आणून प्रत्येक घराच्या उंबरठ्यावर ठेवतात आणि त्या घराचे शुभ चिंतितात; घरची माणसे त्यांस तांदूळ, गूळ देतात. आपल्या गुढीपाडव्याच्या आसपासचेच हे दिवस. आमच्या मुक्कामाच्या उंबऱ्यावरही सकाळी फुले होती. ती ओलांडताना भावाने पाय थबकवला.

चढ सुरू झाला. मागील वर्षी भावाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी हलक्या चालण्यास परवानगी दिली होती. शिवालयापर्यंत तो आला आणि बसला. दम पुरेना. म्हणाला, “दादा, तू जाऊन ये, मी इथं बसतो.” वर जाण्यास अजून तासभर लागला असता, आकाश स्वच्छ होते, तळ्यात चौखंबा नक्कीच उतरला असता. आमचा वाटाड्या तोच तरुण होता. तो माझ्याकडे पाहत राहिला, काही बोलला नाही. मी भावाशेजारी पायरीवर बसलो. बुरांसाखाली दोघांनी भाकरी खाल्ली, शिवालयाला नमस्कार केला आणि सावकाश खाली उतरलो. त्या वारीत आम्ही तळे पाहिले नाही. तरी माझ्या चार वाऱ्यांपैकी पुरी झालेली वारी तीच, असे मला वाटते.

ज्या कुटुंबांस तेथे जावयाचे असेल त्यांच्यासाठी चार सूचना देतो. पहिली, ऋतू पाहून जावे. प्रतिबिंब आणि स्वच्छ हिमशिखरे हवी असतील तर दसऱ्यानंतर कार्तिक अखेरपर्यंत. फुले हवी असतील तर मार्च-एप्रिल. हिवाळ्यात केवळ तळ्यापर्यंत, तेही जाणता वाटाड्या घेऊन. पावसाळ्यात जाऊच नये. दुसरी, उंचीवर एकदम चढू नये. सारीस एक मुक्काम करावा. पुढे तुंगनाथकडे जाणाऱ्यांनी डोके दुखू लागले, मळमळू लागले तर हट्टाने वर न जाता खाली उतरावे. हाच त्यावरील खरा उपाय. तिसरी, वाटाड्याचे ऐकावे. पैसे आपण देतो, पण वाट त्याची असते. चौथी, तेथील जमीन स्वच्छ ठेवावी. बुग्याळांची फार नासाडी झाल्यामुळे २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने त्यांवर रात्रीचे तंबू ठोकण्यास मनाई केली. आम्ही २००४ साली तळ्याकाठी तंबू ठोकला होता, हे मला आता योग्य वाटत नाही. खाली सारीत राहावे. गावकऱ्यांच्या घरी दोन पैसे जातात आणि कुरणही वाचते.

शेवटी एकच विनंती. आपल्या मंडळाकडे दरसाल वाटणीचे, बांधाचे, विहिरीचे तंटे तडजोडीसाठी येतात. पुष्कळ प्रकरणांत कागद एकाच्या बाजूने असतो, हे मी जाणतो. माझ्याही बाजूने होता. तरी त्या मंडळींनी कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी एकदा त्या भावाच्या ओसरीवर जाऊन बसावे. तेथे जाण्यास आगगाडीचे तिकीट लागत नाही आणि ऋतूही पाहावा लागत नाही.

माझा भाऊ आज या सभेत तिसऱ्या रांगेत बसला आहे. ही हकिगत सांगण्यापूर्वी मी त्याची अनुमती घेतली. तो म्हणाला, “सांग, पण तांदूळ शिजले नाहीत तेही सांग.” तेही सांगितले.